बॉक्स टर्टलची पिल्लं काहीच खात नाहीत, काय करावं? (नाशिक)

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. थोरले दीर परदेशी गेले तेव्हा त्यांची बॉक्स टर्टलची (अमेरिकन कासवांची) जोडी कागदपत्रांसकट आमच्याकडे आली. गंगापूर रोडला घर आहे, मागे थोडी बाग. पावसाळ्यात मादीने शेवंतीच्या वाफ्यात अंडी घातली त्याचा आम्हाला पत्ताच नाही. दसऱ्याच्या सुमाराला माळीदादा खुरपत होते तर मातीतून दोन पिल्लं निघाली! एक जरा तरी हिंडतं, दुसरं दिवसभर कोपऱ्यात. खायचं नाव नाही. काकडी, कोथिंबीर, टोमॅटो, सगळं देऊन झालं. दुकानातून कासवांचे दाणे आणले. दुकानदार म्हणाला काचेच्या टाकीत पाणी भरून त्यात सोडा. ते मात्र केलं नाही, कारण मोठी जोडी कधी पोहताना दिसली नाही. सध्या प्लास्टिकच्या टपात वर्तमानपत्र अंथरून ठेवलीत. त्यात आता थंडी सुरू. सासूबाई म्हणतात दूध-पाव द्या. काय करू?

सिडकोवाला:
आमचं कासव मेथी आणि लेट्यूस आवडीने खातं. बारीक चिरून देऊन बघा.

परसदार:
सिडकोवाले, तुमचं ते कानाजवळ लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव असणार. मोठं झालं की ते पाला खातं. या पिल्लांचं गणित वेगळं आहे.

ताई, मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो. बॉक्स टर्टल हा इथला अधिकृत राज्य-सरपटणारा प्राणी, १९७९ पासून. आमच्या परसात मोठी कासवं नेहमी दिसतात, पिल्लं मात्र क्वचित, कारण ती दिवसच्या दिवस पानांखाली दडून असतात. त्यांचं कवच डब्यासारखं बंद होतं ना, ते मोठ्यांचं. पिल्लांच्या पोटाकडची बिजागरी पहिली काही वर्षं कामच करत नाही, त्यामुळे लपणं हाच त्यांचा बचाव. उघड्या टपात कोरड्या वर्तमानपत्रावर बसलेलं पिल्लू घाबरलेलं असतं. ते कशाला जेवेल?

म्हणून आधी घर बदला. तळाला चार बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), हातात दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतपत ओलं. वर भरपूर सुका पालापाचोळा, एका बाजूला फुटक्या कुंडीचा आडोसा. पाण्यासाठी बशी, तीही पिल्लाच्या हनुवटीपर्यंतच भरलेली. टाकीत सोडली नाहीत हे फार बरं केलंत, खोल पाण्यात ती बुडून मरतात.

दुसरी गोष्ट, अंड्यातून निघाल्यावर पोटातल्या बलकावर ती आठवडा-दोन आठवडे काढतात, त्या काळात खाल्लं नाही तर चिंता नसते. तुमची दसऱ्याची म्हणजे ती मुदत संपली. आता खायला हवं, आणि या वयात त्यांना पाला नको असतो, हलणारं काहीतरी हवं असतं. गांडूळ! सकाळी लवकर, टपात पाण्याचा फवारा मारून पाऊस पडल्यासारखं करायचं आणि गांडुळाचा छोटा वळवळता तुकडा चिमट्याने समोर धरायचा. पिल्लू मान लांब करतं, डोकं तिरकं करून बघतच राहतं (इथे आपला धीर सुटतो), आणि मग एकदम झडप घालतं. नाहीच घातली तर तुकडा तिथे ठेवून खोलीबाहेर जा. कित्येक पिल्लं कुणी बघत असेल तर खातच नाहीत.

दूध-पाव अजिबात नको. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण नको.

द्राक्षमळा:
गांडुळाचं मी सांगतो, आमचा निफाडला मळा आहे. गांडूळखताच्या बेडमधली ती लालसर, चपळ गांडुळं आणू नका. डिवचली की पिवळट वासाचं पाणी सोडतात, बरीच कासवं ती तोंडात घेऊन थुंकून टाकतात. बागेतली साधी गांडुळं घ्या. आणि द्राक्षबागेतली तर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्याकडे किती फवारण्या होतात ते काय सांगायचं! जिथे औषध मारत नाहीत तिथलीच हवीत. तुमच्याच बागेत कुंडी उचलली की खाली करडे किडे पळतात, हात लावला की गोळा होतात, ते पण चालतील. शेंबडी गोगलगाय चालते, पण शेजारीपाजारी गोगलगायीचं औषध टाकत असतील तर तीही नको.

गोदाकाठची:
बापरे, किती माहिती! बागेत औषध मारत नाही आम्ही. एक विचारायचं राहिलं, कोपऱ्यातल्या पिल्लाचे डोळे बहुतेक वेळा मिटलेलेच असतात. थंडीमुळे का?

श्वानमार्जार:
ताई, हे आधी सांगायला हवं होतं. मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करतो. पापण्या फुगल्यात का बघा. अ जीवनसत्त्व कमी पडलं की बॉक्स टर्टलमध्ये असं होतं, जंतुसंसर्गानेही होतं. कासव डोळ्यांनी बघून खातं, डोळे मिटले की उपास. पापण्या फुगल्या असतील, नाकातून पाणी किंवा बुडबुडे येत असतील तर घरगुती उपाय नकोत, डॉक्टर गाठा. जाण्याआधी फोन करून सरपटणारे प्राणी बघता का ते विचारा, सगळेच बघत नाहीत. जंताचं औषध द्यायची वेळ आली तर आयव्हरमेक्टिन नाही ना याची खात्री करा, कासवांना ते विष आहे. अ जीवनसत्त्वाचे थेंबही मनाने घालू नका, जास्त झालं तर कातडी सोलून निघते. त्यापेक्षा किसलेला लाल भोपळा गांडुळात कालवून द्या.

पापण्या ठीक असतील तर थंडी हेच कारण असू शकतं. नाशिकची डिसेंबरची पहाट या पिल्लांना झेपणारी नाही. टपाची एक बाजू २८-२९ अंश, दुसरी २४-२५ राहील असा सिरॅमिक हीटर लावा, थर्मामीटर ठेवा. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन हाडांसाठी कामाचं नाही, काच त्यातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते. यूव्हीबीची ट्यूब घ्या, नाहीतर कोवळ्या उन्हात बाहेर ठेवा, पण अर्धी सावली हवीच आणि काचेचं भांडं नको, त्यात ती भाजून निघतील. समुद्रफेसाची पूड चिमूटभर अन्नावर टाका, कॅल्शियम मिळतं.

आणि सकाळी खाणं देण्याआधी दोघांना कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसवा. अंगातलं पाणी कमी झालेलं पिल्लू खात नाही.

गंगापूर_धरण:
एवढी कटकट कशाला? गंगेत, म्हणजे गोदावरीत सोडून द्या, जगतील.

परसदार:
जगणार नाहीत. हे जमिनीवरचं कासव आहे, नदी त्याचं घर नव्हे. आणि जगली तरी परदेशी प्राणी असा मोकळा सोडायचा नसतो.

कागदपत्रवाली:
त्यावरून आठवलं. बॉक्स टर्टल सायटीसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, त्यानुसार असे प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी लागते आणि पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. सरकारच्या परिवेश पोर्टलवर होतं. दिरांच्या नावावरची नोंद तुमच्या नावावर आली का तेही बघा. सिडकोवाले, तुमच्या कासवाच्या पाठीवर पिवळ्या चांदण्या नाहीत ना? तारा कासव घरात ठेवणं गुन्हा आहे.

सिडकोवाला:
नाही हो! लाल पट्टाच आहे, आत्ता उठून बघितलं.

गोदाकाठची:
पापण्या खरंच फुगल्यात. उद्या सकाळची वेळ मिळालीय, फोनवर विचारून घेतलं, कासवं बघतात. हिंडणाऱ्या पिल्लाने आज गांडुळाचा तुकडा खाल्ला! सासूबाई स्वतः चिमटा धरून बसल्या होत्या, आम्हाला खोलीबाहेर काढलं. भोपळ्याला मात्र तोंड लावलं नाही. दोघांना एकत्र ठेवू का वेगळं? आणि रात्री लाईट गेली तर हीटरचं काय?

श्वानमार्जार:
वेगळं ठेवा, आजारी आहे तोवर तर नक्कीच. दुसरं पिल्लू अन्न पळवतं, कधी पायाचं बोटसुद्धा चावतं. सराफांकडे असतो तसा छोटा वजनकाटा घ्या, ०.१ ग्रॅम दाखवणारा. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा, डॉक्टरांना तेच सगळ्यात उपयोगी पडतं. किचनचा काटा एवढ्याशा जिवाला चालत नाही. भोपळ्याची घाई नको, गांडुळाच्या रसात माखून देत राहा.

द्राक्षमळा:
लाईटचं मी सांगतो, आमच्याकडे रोजचंच आहे. थर्माकोलचं खोकं आणून ठेवा, झाकणाला भोकं पाडा. लाईट गेली की पिल्लांचे डबे त्यात, बाजूला गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून. बाटली डब्याला टेकू देऊ नका.