छोट्या शहरात गाडी न घेता राहायचं आहे, सायकल आणि बसची तयारी कशी करावी?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. शहर लहान आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७ किलोमीटर. घरात आम्ही दोघं आणि ५ वर्षांची मुलगी. ऑफिस ४ किलोमीटरवर, मधे एक खडा चढ. शाळा दीड किलोमीटर. बस अर्ध्या तासाने, शेवटची रात्री ९ला. आठवड्याचं सामान २० किलोच्या आसपास भरतं. चारचाकी नको आणि स्कूटरही नको, हे ठरलेलं आहे. रोजच्या वापराला सायकल कशी असावी, सामान आणि मुलगी कशी न्यावी, पावसात काय काळजी घ्यावी आणि आधी काय बिघडतं? घर भाड्याचं आहे, त्यामुळे जागा बदलायचीही तयारी आहे.

मागचंचाक
४ किलोमीटर म्हणजे आरामात चालवून १६ ते २० मिनिटं. त्यामुळे वेगाची सायकल शोधू नका, ओझं पेलणारी शोधा.

टायर ४० मिमीच्या आसपास रुंद असू द्या. हवेची मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते, तिच्या आत राहून पुढे ४५ आणि सामान असताना मागे ५५ ते ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवा. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, म्हणून दोन्हीकडे सारखी हवा भरणं चूक. चढासाठी गिअर बघताना पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती यांचे दात मोजा. पुढे २८ आणि मागे ३२ असतील तर भरल्या सायकलीनेही चढ बसल्या बसल्या निघतो. मागचे दात पुढच्यापेक्षा कमी असतील तर गुडघ्यांवर येतं.

२० किलो सामान कॅरिअरच्या वर रचू नका. दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या घ्या, प्रत्येकीत ८ ते १० किलो, जड वस्तू तळाशी. वर रचलेलं ओझं वळताना मागचा भाग झुलवतं. पॅडल मारताना टाच पिशवीला लागत असेल तर पिशवी मागे सरकवा, पण तिचा मध्य चाकाच्या आसाच्या फार मागे गेला की पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल डगमगतं. पिशवीचा लोंबता पट्टा नेहमी आत खोचायचा. तो स्पोकमध्ये गेला की चाक जागच्या जागी अडकतं.

आता मुलगी. बऱ्याच कॅरिअरवर २५ किलोची मर्यादा कोरलेली असते आणि त्यात सीटचं वजनही धरायचं असतं. मूल १८ किलो आणि सीट ४ किलो म्हटलं की झाले २२. मग त्याच कॅरिअरवर भाजीची पिशवी लटकवायची नाही. शिवाय कॅरिअरवर बसणाऱ्या मुलांच्या सीटची स्वतःची मर्यादा बहुधा २२ किलो मुलापर्यंत असते, म्हणजे ही सोय फार तर वर्ष-दोन वर्षांची आहे. पाय स्पोकमध्ये जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना आडोसा हवा. तुमच्या सीटखाली उघड्या स्प्रिंगा असतील तर त्या झाकून घ्या, मागे बसलेल्या मुलाची बोटं तिथेच चिमटतात. स्टँड दोन पायांचा, मधला घ्या. तरीही मूल बसलेलं असताना हँडल सोडायचं नाही, कुलूप लावण्यापुरतंसुद्धा नाही.

आधी बिघडतात ते मागच्या चाकाचे स्पोक, आणि त्यातही चेनच्या बाजूचे. गिअरला जागा द्यायला त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात. नव्या सायकलीचे स्पोक काही आठवडे चालवल्यावर थोडे सैल पडतात. तेव्हाच एकदा ताण सारखा करून आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून घ्या. हे टाळलं तर सैल स्पोक प्रत्येक फेऱ्यात मागे-पुढे होत राहतो आणि वाकाशी तुटतो.

दुसरी चेन. नव्या चेनमध्ये एका पिनपासून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिमीवर असते. स्टीलची पट्टी लावून मोजा. ३०६.४ च्या पुढे गेली की चेन बदला. ३०८ पर्यंत ओढलीत तर मागच्या चकत्याही खाल्लेल्या असतात आणि नवी चेन त्यांच्यावर उड्या मारते.

वेळापत्रक
घर बदलायची तयारी आहे म्हणता, तर सगळ्यात मोठा फरक तिथेच पडेल. ऑफिसच्या जवळ जायच्या आधी शाळा आणि बाजार चालत गाठता येतील असं बघा. ऑफिसची फेरी दिवसातून एकदाच होते, घरच्या फेऱ्या मोजून बघा. सामान्य चालीने १० मिनिटांत ८०० मीटर होतात. नकाशावरचं सरळ अंतर धरू नका, रेल्वे रूळ किंवा नाला ओलांडायला वळसा पडतो का ते स्वतः चालून बघा, तेही अंधार पडल्यावर.

स्टॉप निवडताना दोन मार्ग जिथे एकत्र येतात तो निवडा. दोन्ही बस अर्ध्या तासाच्या असल्या आणि वेळा पुढे-मागे असल्या तर त्या पट्ट्यात १५ मिनिटांची सोय होते. दोन्ही एकाच मिनिटाला येत असतील तर फायदा शून्य, म्हणून वेळा ताडून बघा. बस बदलायची वेळ येईल असं घर शक्यतो नको. मधे ४ मिनिटांचं अंतर असेल आणि पहिली बस ५ मिनिटं उशिरा आली, तर उशीर ५ मिनिटांचा राहत नाही, अर्ध्या तासाचा होतो.

शेवटच्या बसच्या भरवशावर परतीचा बेत करू नका, तिच्या आधीची धरा. रात्री ९ नंतरच्या कामांना आणि आजारपणाला भाड्याची गाडी लागणारच. त्यासाठी महिन्याला वेगळी रक्कम बाजूला ठेवा, म्हणजे ऐन वेळी घासाघीस करत बसावं लागत नाही.

पाऊलवाट
दोघांचेही मनापासून आभार. मुलगी सोबत असताना पंक्चर झालं तर? आणि चढासाठी बॅटरीची सायकल घ्यावी का?

सोल्यूशनट्यूब
रस्त्यात पॅच लावत बसू नका. सीटखाली एक चांगली ट्यूब, टायर रिमवरून उचकटायचे दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि चाक नटाचं असेल तर १५ नंबरचा पाना ठेवा. जुनी ट्यूब काढली की नवी घालण्याआधी टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा, कपडा धरून. काटा किंवा काच तिथेच रुतलेली असते आणि ती न काढल्याने नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. दोन भोकं शेजारी शेजारी दिसली तर काटा शोधू नका. हवा कमी होती, ट्यूब खड्ड्यात रिमखाली चिमटली.

पॅच घरी लावा. भोकाभोवती पॅचपेक्षा मोठा भाग पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि थांबा. ओली चमक जाईपर्यंत, साधारण ५ मिनिटं. घाईने ओल्यावर चिकटवलेला पॅच कडेने सुटतो.

बॅटरीचं म्हणाल तर ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर. मदत घेत चालवलं तर किलोमीटरला १० ते १५ वॉट-अवर जातात, म्हणजे २४ ते ३६ किलोमीटर. ओझं आणि चढ धरता खालचा आकडा खरा माना. तुमच्या रोजच्या ८ किलोमीटरला पुष्कळ आहे. पण आधी कमी गिअरची साधी सायकल त्या चढावर भरलेल्या पिशव्यांसह चालवून बघा. मुलगी आणि चढ एकाच फेरीत येत असतील तरच बॅटरी घ्या, आणि ती चार्जिंगसाठी काढून घरात नेता येते का ते बघा, नाहीतर सायकलच घरात न्यावी लागेल.

मागचंचाक
पावसाचं राहिलं होतं. मडगार्ड पूर्ण लांबीचे घ्या, पुढच्याला रबरी झडप लावा. नाहीतर पुढच्या चाकाचं पाणी थेट बुटांवर आणि चेनवर येतं. रिमवर दाबणारे ब्रेक ओले असताना पहिला फेरा नुसता पाणी पुसण्यात जातो, म्हणून थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका लावून ठेवायचा. भिजून आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक रोलरवर एकेक थेंब तेल, दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून काढायचं. बाहेर राहिलेल्या तेलात माती बसते आणि तीच चेन खाते.