मदत हवी आहे: होम सर्व्हरची सिस्टिम एसएसडी गेली, बॅकअप आहे पण रिस्टोअर होत नाही

इतवारीवाला
घरचा सर्व्हर बंद पडला आहे. परवा रात्री लाइन सारखी जात-येत होती, त्यानंतर तो उठलाच नाही. सिस्टिमची एसएसडी बायोसमध्ये दिसतच नाही, म्हणजे ती गेलीच. बर्डीच्या बाजारातून नवीन आणली, क्लोनझिला (डिस्कची प्रत घेणारा आणि परत टाकणारा प्रोग्राम) लावलं, बॅकअपची इमेज (सिस्टिमच्या डिस्कची पूर्ण प्रत) निवडली, तर डिस्क लहान आहे म्हणून थांबून राहिलं. लहान कशी? तेवढीच तर आणली आहे. बाबांच्या पेन्शनच्या कामाची सगळी कागदपत्रं स्कॅन करून त्याच सर्व्हरवर ठेवली आहेत आणि सोमवारी ती लागणार आहेत. माहीत असेल त्यांनी लवकर सांगा.

वैनगंगा
थोडी माहिती द्या, त्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही. जुनी एसएसडी किती जीबीची होती, नवी किती जीबीची? ओएस कुठली? कागदपत्रं सिस्टिमच्या ड्राइव्हवर होती की वेगळ्या डिस्कवर? इमेज कधीची?

टर्मिनल_मामा
आधी एसएसडी खरंच मेली का ते बघा. अचानक वीज गेली की काही एसएसडी अडकतात. डेटा केबल काढून फक्त पॉवर केबल लावा, वीस-पंचवीस मिनिटं तशीच राहू द्या, थोडा वेळ बंद करा, पुन्हा तेच. माझी एक अशीच परत आली, आजही चालू आहे. नवीन घ्यायची घाई करू नये.

इतवारीवाला
मामा, ती एम-डॉट-टू आहे, मदरबोर्डवर बसणारी. तिला कुठली केबल?
वैनगंगा ताई, ओएमव्ही (ओपनमीडियाव्हॉल्ट, फाइल सर्व्हरची ओएस) आहे. जुनी २५६ जीबी, नवी २५०. दुकानदार म्हणाला एकच आहे. डेटा वेगळ्या डिस्कवर आहे, ४ टीबीच्या दोन. इमेज दिवाळीच्या आधीची आहे, बाहेरच्या यूएसबी डिस्कवर.

टर्मिनल_मामा
मग मशीन चालू करून बायोसच्या स्क्रीनवर तासभर सोडून द्या. तत्त्व तेच आहे, ड्राइव्हला वीज मिळत राहिली पाहिजे आणि कोणी काही मागायला नको.

पुणे_३८
दुकानदाराचं म्हणणं चूक आहे. २५६ जीबीच्या डिस्कवर ५०,०१,१८,१९२ सेक्टर असतात, २५० जीबीच्या डिस्कवर ४८,८३,९७,१६८. ५१२ बाइटच्या सेक्टरने हिशेब केला तर जवळपास ६ जीबीचा फरक पडतो. क्लोनझिला मूळ पार्टिशन जसंच्या तसं मांडायला जातं, ते नव्या डिस्कच्या बाहेर जातं, म्हणून नकार देतं. आत डेटा ८ जीबीच असला तरी त्याला फरक पडत नाही.

प्रॉक्समॉक्स_प्रेमी
मी एकच सल्ला देईन. आता नवीन एसएसडी हातात आहेच तर त्यावर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टिम) टाका आणि ओएमव्ही आत व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवा. पुढच्या वेळी सिस्टिम गेली तर मशीनची फाइल उचलली की झालं. मी सगळं तिकडे नेल्यापासून निवांत आहे.

इतवारीवाला
भाऊ, सोमवारी कागदं लागणार आहेत. आता नवीन काही शिकायला वेळ नाही.

वैनगंगा
कागदपत्रं वेगळ्या डिस्कवर आहेत ना? मग इमेज, एसएसडी हे सगळं बाजूला ठेवा. आधी कागदं काढून घ्या, सर्व्हर नंतर उभा करू. त्या दोन डिस्क मिरर (दोन्हीवर एकच डेटा) होत्या का? ओएमव्हीच्या आतल्या रेडने (डिस्क एकत्र जोडायची पद्धत) की झेडएफएस फाइल सिस्टिमने?

इतवारीवाला
मिरर. ओएमव्हीच्या मेनूतूनच बनवली होती. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम.

धंतोली_डेटा
मग सोपं आहे. नवीन एसएसडीवर ताजं ओएमव्ही टाक, वेबच्या पानावर जाऊन त्याच दोन डिस्क निवडून पुन्हा मिरर बनव. माझ्याकडे तसंच चाललं होतं.

वैनगंगा
नाही! हे करू नका. धंतोली_डेटा, तुमच्याकडे काय चाललं ते मला माहीत नाही, पण पुन्हा "बनव" म्हटलं की डिस्कवरची जुनी रेडची माहिती पुसून नवी लिहिली जाते, आणि मग नवी फाइल सिस्टिम करा असं पान सांगतं. तिथे हो म्हटलं की कागदं गेली. रेडची ओळख त्या दोन डिस्कवरच लिहिलेली असते, सिस्टिमच्या ड्राइव्हवर नाही. ती फक्त जोडायची असते.

धंतोली_डेटा
मी जे केलं ते सांगितलं, माझा डेटा शाबूत राहिला.

पुणे_३८
बहुतेक तुमच्या नव्या सिस्टिमने रेड आपोआप जोडली असेल आणि तुम्ही फक्त माउंट केलं (फाइल वाचायला उघडलं) असेल. ताई बरोबर सांगत आहेत. इथे कोणीतरी वाचून तसंच करेल, म्हणून स्पष्ट लिहितो: जुन्या डिस्कवर नव्याने रेड बनवायची नाही.

वैनगंगा
इतवारीवाला, असं करा. सिस्टिमरेस्क्यूची (पेन ड्राइव्हवरून चालणारी दुरुस्तीची सिस्टिम) आयएसओ पेन ड्राइव्हवर टाका, त्यात एमडीएडीएम (रेड हाताळणारा प्रोग्राम) आधीपासून असतं. नवी एसएसडी सध्या काढूनच ठेवा. पेन ड्राइव्हवरून बूट करा आणि टर्मिनलमध्ये एमडीएडीएमला असेंबल, स्कॅन आणि रीड-ओन्ली हे तीन पर्याय द्या, तिघांच्याही आधी डबल डॅश. मग प्रॉक फोल्डरमधली एमडीस्टॅट फाइल बघा, त्यात एमडी१२७ असं काहीतरी दिसेल. नाव बदललेलं दिसलं तर घाबरू नका, अनोळखी मशीनवर जोडली की असं नाव मिळतं. मग ती रीड-ओन्ली माउंट करा.

कडुलिंब_सावली
थोडं वेगळं सांगतो पण महत्त्वाचं आहे. तुमच्याकडे यूपीएस होतं का? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, लोडमुळे लाइनचा खेळ चालू राहतो. शिवाय बरेच जण सर्व्हर कूलरच्या खोलीत ठेवतात. कूलरच्या हवेत ओल असते आणि ताट्यांची भुकटी उडते, पंख्यांवर आणि हीटसिंकवर त्याचा ओलसर थर बसतो. माझ्या मशीनचं कव्हर काढलं तेव्हा पीठ मळल्यासारखा तो थर निघाला होता. सर्व्हर कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवा.

टर्मिनल_मामा
इन्व्हर्टर आणि यूपीएस एक नाही हेही लिहा. घरच्या साध्या इन्व्हर्टरला बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात पीसी बंद पडू शकतो. यूपीएस मोडवर टाकता येणारा इन्व्हर्टर असेल तर ते बटण बघा.

सावनेर_स्टोरेज
मला पण असा सर्व्हर करायचा आहे. रास्पबेरी पायवर चालेल का? दोन हार्ड डिस्क लावायच्या आहेत.

इतवारीवाला
कूलर वेगळ्या खोलीत आहे. ताई, रेड जोडली गेली, एमडी१२७ दिसतं, दोन्ही डिस्क आहेत. पण माउंट होत नाही. राइट ॲक्सेस नाही, पुढे जाता येत नाही, नोलोड वापरून बघा, असं म्हणून राहिलं. डिस्क पण गेली का?

वैनगंगा
नाही, डिस्क ठीक आहे. वीज अचानक गेली तेव्हा ईएक्सटी४ चा जर्नल (करायच्या बदलांची नोंदवही) पूर्ण झालेला नव्हता. माउंट करताना तो आधी जर्नल पूर्ण करायला बघतो, पण आपण रीड-ओन्ली केल्यामुळे त्याला लिहिता येत नाही. माउंटच्या पर्यायात आरओ, स्वल्पविराम, नोलोड असं द्या. जर्नल न चालवता उघडेल. शेवटच्या क्षणी लिहिली जात असलेली एखादी फाइल अर्धवट दिसू शकते, जुनी कागदं नीट असतील.

इतवारीवाला
उघडलं! पेन्शनचं फोल्डर सगळं आहे. पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) प्रत उघडून पाहिली, नीट वाचता येते. पेन ड्राइव्हवर घेऊन राहिलो. खूप खूप आभार ताई.

प्रॉक्समॉक्स_प्रेमी
छान झालं. एक सांगतो, मिरर म्हणजे बॅकअप नाही. चुकून फाइल पुसली तर दोन्हीकडून पुसली जाते.

पुणे_३८
त्याच्याकडे बाहेरच्या डिस्कवर सिस्टिमची इमेज आहे, ते त्याने आधीच लिहिलं आहे.

इतवारीवाला
आता सर्व्हर उभा करायचा आहे. आई रोज विचारते, फोटो कधी दिसतील. इमिच (फोटो ठेवायचं ॲप) आहे त्यावर, बाकी जेलीफिन (व्हिडिओ-गाण्यांचं). दुकानदार एसएसडी परत घेत नाही, पाकीट फोडलं म्हणतो. २५० वर काही करता येईल का?

धंतोली_डेटा
ताजं ओएमव्ही टाक. अर्ध्या तासाचं काम आहे. इमेजच्या मागे कशाला लागतो?

टर्मिनल_मामा
आणि सगळे शेअर, वापरकर्ते, परवानग्या, डॉकर (ॲप वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं) हे पुन्हा हाताने? इमेज कशासाठी घेतली मग? ओएमव्हीची सेटिंग एका कॉन्फिग फाइलमध्ये असते, पण ती नव्या इन्स्टॉलवर टाकून सगळं जागेवर येईल अशी सोय त्यात नाही. आवृत्ती वेगळी असेल तर आणखी गोंधळ.

धंतोली_डेटा
दिवाळीआधीची इमेज आहे, त्यानंतरचे बदल तसेही हातानेच करायचे आहेत. ताजी सिस्टिम स्वच्छ असते.

पुणे_३८
दोघांचंही खरं आहे, पण त्याला किती सेटिंग करावी लागली होती हे त्यालाच माहीत. इमेज वापरायची असेल तर मार्ग असा: एखादी जुनी, मोठी डिस्क आहे का घरी? लॅपटॉपमधून काढलेली ५०० जीबीची वगैरे?

इतवारीवाला
आहे. बहिणीच्या जुन्या लॅपटॉपची, ५०० जीबी.

पुणे_३८
मग इमेज आधी तिच्यावर रिस्टोअर करा, तिथे जागा पुरते. नंतर जीपार्टेड (पार्टिशन बदलायचा प्रोग्राम) उघडून मुख्य पार्टिशन आकसून १०० जीबीवर आणा. शेवटी स्वॅपचं (मेमरी कमी पडली की वापरायचं) छोटं पार्टिशन असेल, ते सोडून द्या. नव्या एसएसडीवर जीपीटी (पार्टिशनची यादी) टेबल बनवा, ईएफआय (बूटच्या फाइलचं) आणि मुख्य अशी दोन पार्टिशन जीपार्टेडमधूनच कॉपी-पेस्ट करा. यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) तोच राहतो, त्यामुळे सिस्टिमला आपलं मुख्य पार्टिशन ओळखता येतं. ईएफआयच्या पार्टिशनला ईएसपीचा फ्लॅग लावायला विसरू नका. तो कॉपीबरोबर येईल असं धरून चालू नये. मग ५०० ची डिस्क काढून टाका, दोन्ही एकत्र ठेवून बूट करू नका, एकच यूयूआयडी दोन ठिकाणी असला की कुठली उघडेल सांगता येत नाही. बायोसमधली जुनी बूट नोंद चालणार नाही, ती नव्याने जोडावी लागेल. बायोसमध्ये तशी सोय नसेल तर पेन ड्राइव्हवरून क्रूट करून (डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून) ग्रब (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) पुन्हा बसवा.

वैनगंगा
आणि इमिचबद्दल. इमेजमधला डेटाबेस दिवाळीआधीचा आहे, त्याला त्यानंतरचे फोटो माहीतच नाहीत. पण इमिच रोज रात्री २ वाजता डेटाबेसची प्रत स्वतःच काढतं आणि अपलोडच्या फोल्डरमध्ये बॅकअप्स नावाच्या फोल्डरात ठेवतं. सेटिंग बदललं नसेल तर शेवटच्या १४ प्रती असतात. तुमचा अपलोडचा फोल्डर ४ टीबीच्या डिस्कवर आहे का?

इतवारीवाला
हो, तिथेच. आत्ताच बघितलं, बॅकअप्स फोल्डर आहे. शेवटची प्रत लाइन गेली त्याच्या आदल्या रात्रीची.

वैनगंगा
उत्तम. फाइलच्या नावात इमिचची आवृत्ती लिहिलेली असेल, कंपोज फाइलमध्ये (डॉकरच्या सेटिंगची फाइल) तीच आवृत्ती घाला. डेटाबेसचं जुनं फोल्डर रिकामं करा, म्हणजे दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा. मग फक्त डेटाबेसचा कंटेनर चालू करा, प्रत त्यात ओता, आणि सगळ्यात शेवटी इमिचचा सर्व्हर. तो आधी चालू केलात तर तो रिकाम्या डेटाबेसमध्ये आपले टेबल बनवून ठेवेल आणि प्रत ओतताना चुका येतील. त्या प्रतीत फोटो नसतात, फक्त अल्बम, चेहऱ्यांची नावं, वापरकर्ते हे असतं. फोटो डिस्कवर आहेतच, त्यांना हात लावायचा नाही.

सावनेर_स्टोरेज
माझ्या पायच्या प्रश्नाचं कोणी सांगेल का?

कडुलिंब_सावली
पायला दोन हार्ड डिस्क थेट यूएसबीवर लावू नका, वीज पुरत नाही. स्वतःचा ॲडॅप्टर असलेलं डॉक घ्या. आणि सिस्टिम एसडी कार्डवर ठेवू नका, सतत लिहून ती लवकर जातात. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

इतवारीवाला
सर्व्हर चालू झाला. ग्रब पुन्हा बसवावा लागला, बायोसमध्ये नोंद जोडायची सोय नव्हती. शेअर सगळे जागेवर आहेत. इमिचमध्ये लाइन जायच्या आदल्या रात्रीपर्यंतचे फोटो दिसतात, आईने चेहऱ्यांना दिलेली नावं पण आहेत. एकच अडचण उरली आहे. बूट होताना मध्येच अडकतो, एक मिनिट तीस सेकंद असं काहीतरी मोजत बसतो, मग पुढे जातो.

पुणे_३८
ते जुनं स्वॅप शोधत आहे, जे आपण कॉपी केलंच नाही. एफएसटॅब फाइलमध्ये (बूट होताना कुठली पार्टिशन जोडायची त्याची यादी) स्वॅपची ओळ असेल, तिच्या आधी हॅश लावा. शिवाय इनिटरामएफएस-टूल्सच्या फोल्डरात कॉन्फ डॉट डी, त्यात रिझ्यूम नावाची फाइल असते. तिच्यातही तोच जुना यूयूआयडी असेल, तिथे रिझ्यूम बरोबर नन करा. मग इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलचा संच) अपडेट करून रीबूट.

इतवारीवाला
दोन्हीकडे तोच यूयूआयडी होता. आता मध्ये न थांबता चालू होतो. नवीन इमेज घ्यायला लावली आहे, या वेळी पार्टिशन १०० जीबीचंच आहे. वैनगंगा ताई, पुणे_३८, मनापासून आभार. मामा, जुनी एसएसडी बायोसवर ठेवून पाहिली, दिसली नाही.

टर्मिनल_मामा
दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा एकदा. फेकू नका.