मदत हवी आहे: १९५६ च्या रशियन सिनेमाची मराठी सबटायटल्स

नमस्कार मंडळी,

ओळखीतल्या एका रात्रशाळेत 'वेस्ना ना झारेच्नोय उलित्से' (म्हणजे 'झारेच्नाया रस्त्यावरचा वसंत') हा सिनेमा दाखवायचं घाटतंय. ओडेसा स्टुडिओचा, मार्लेन खुत्सिएव आणि फेलिक्स मिरोनेर या दिग्दर्शक जोडीचा. इंग्रजी सबटायटल्स आहेत, पण दिवसभर राबून आलेल्या पोरांना ती वाचत सिनेमा बघा म्हणणं म्हणजे शिक्षाच. म्हणून मराठीत करायला घेतलीत आणि दोन-तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

गोष्ट साधी. नुकतीच शिकून बाहेर पडलेली तात्याना पोलाद कारखान्याच्या गावात कामगारांच्या रात्रशाळेवर शिक्षिका म्हणून येते. वर्गात साशा सावचेन्को (निकोलाय रिब्निकोव): भट्टीवर एक नंबर, अभ्यासात मात्र नन्नाचा पाढा. तो बाईंच्याच प्रेमात पडतो. झापोरिझ्झियाच्या कारखान्यातलं चित्रीकरण बघण्यासारखं आहे. तात्याना त्याला पहिल्यांदा भट्टीसमोर बघते तिथे तर संवादांची गरजच पडत नाही.

पहिली अडचण रेडिओच्या प्रसंगाची. साशा तिच्या खोलीवर येतो, रेडिओवर रशियन संगीतकार रखमानिनोवचा दुसरा पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) लागतो आणि ती त्यात पार हरवते. हा आपला बसलेला, आपण इथले नव्हेच असा चेहरा करून. शेवटी उठून जातो. बोलणं जवळपास नाही, पण माझ्या मते अख्खा सिनेमा इथेच आहे. दोघांतलं अंतर पगाराचं नाही, हे पोरांना कळायला हवं. संगीतकाराचं नाव पट्टीत टाकू, की खेळाआधीच तो तुकडा ऐकवू? पट्टीत नाव आलं की लक्ष तिकडे जाईल अशी भीती वाटते.

दुसरं, साशा गिटारवर म्हणतो ते गाणं. शब्द फात्यानोवचे, चाल मोक्रोउसोवची. इंग्रजीवरून केलेलं मराठी अगदीच सपक झालंय. रशियन येणारं कुणी मूळ ऐकून अर्थ सांगेल का? यमक नको, नुसता अर्थ पुरे.

तिसरं, रंगवलेली आवृत्तीही मिळते. शाळेतल्या सरांचं म्हणणं, कृष्णधवल बघून पोरं पेंगतील. मला ते पटत नाही, भट्टीचा उजेड काळ्या-पांढऱ्यातच खरा दिसतो. रात्रशाळेत किंवा वस्तीत जुने सिनेमे दाखवलेल्यांचा अनुभव काय?

वार्षिक परीक्षेच्या आधी खेळ लावायचाय. तपासून द्यायची तयारी असेल तर कळवा, फाइल पाठवते.