मदत हवी आहे: फंक्शन 'सोडवायचं' म्हणजे नक्की काय करायचं?

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा अकरावी सायन्सला. मी दहावीनंतर कॉमर्सवाला, गणिताशी संबंध व्याजाच्या हिशोबापुरता. परवा रात्री जेवताना तिने क्लासची शीट पुढे केली. एफ ऑफ एक्स = क्ष² − ५क्ष + ६ (तिच्या एक्सला मी क्ष लिहितोय, कीबोर्ड मराठी आहे) आणि खाली 'सॉल्व्ह द फंक्शन'. बस्स.

मी म्हटलं, क्षच्या जागी आकडा घाल. २ घातला, ० आलं. ४ घातला, २ आले. ती म्हणाली, "बाबा, कुठला आकडा घालायचा ते दिलंय कुठे?" मग तिने अवयव पाडून २ आणि ३ लिहिलं. मागच्या पानावर उत्तरही तेच. पण मधेच '= ०' कुठून आलं? सर म्हणाले, तसंच करायचं असतं. कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद १
गोंधळ शीटचा आहे, तुमचा नाही. फंक्शन, म्हणजे पुस्तकातलं 'फल', हा नुसता नियम. रिक्षाचं मीटर घ्या. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरमागे १७.१४. घाटकोपर स्टेशनहून ५ किमी गेलात तर ३.५ × १७.१४ + २६, म्हणजे ८६ रुपये. यात सोडवलं काहीच नाही, फक्त किंमत काढली. तुम्ही २ आणि ४ घालून हेच केलंत.

आता खिशात शंभराची एकच नोट आहे. कुठवर जाता येईल? ७४ ला १७.१४ ने भागा, दीड मिळवा, साधारण ५.८ किमी. सोडवणं ते हे. भाडं आधी ठरलं, अंतर शोधलं. ते १०० कुणी सांगितलंच नाही तर शोधणार काय? तुमच्या शीटवर '= ०' छापायचंच राहिलंय. सोडवतात ते समीकरण.

आणि गंमत बघा. भाडं २० रुपये होईल असं अंतर नाहीच. २६ होईल अशी मात्र दीड किलोमीटरच्या आतली हवी तेवढी.

धागाकर्ता
मीटरने डोक्यात उजेड पडला! पण मग शून्यच का? '= २' का नाही?

प्रतिसाद १
ठेवा की. २ डावीकडे आणा: क्ष² − ५क्ष + ४ = ०. उत्तरं १ आणि ४. तुम्ही ४ घातला तेव्हा २ आले होते, आठवतंय? शून्याची सोय एवढीच की दोन अवयवांचा गुणाकार शून्य असेल तर त्यातला एक तरी शून्य असतोच. गुणाकार २ असेल तर असं काहीच हाती लागत नाही.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण अवयव पाडणं म्हणजेच सोडवणं असं मुलीच्या डोक्यात बसू देऊ नका. कॉस क्ष = क्ष (कॉस म्हणजे त्रिकोणमितीतलं कोसाइन) याचे अवयव पडत नाहीत. कॅल्क्युलेटर रेडियनवर (डिग्रीसारखंच कोन मोजायचं एक माप) ठेवा, १ टाका आणि कॉसचं बटण दाबत सुटा. आकडा डुगडुगत डुगडुगत ०.७३९ पाशी बसतो, म्हणजे त्याचा कॉस तोच आकडा. तीच उकल.

धागाकर्ता
आत्ताच करून बघितलं. आधी ०.९९९८ वर अडकलं, फोन डिग्रीवर होता. रेडियनवर केल्यावर आलं बरोबर. पोरीने साठेक वेळा बटण दाबलं, हिचा कुकर झाला तरी ती हलेना.

शीटवर तिने पेन्सिलने '= ०' लिहून घेतलंय, उद्या सरांना दाखवणार म्हणते. आता तिचा नवा प्रश्न: २६ रुपयांवरून अंतर सांगता येत नाही, अशा फंक्शनला काही नाव आहे का?

प्रतिसाद १
हे फल 'एकास एक' नाही, असं म्हणतात. व्यस्त फलाच्या (भाड्यावरून अंतर, असा उलटा नियम) धड्यात भेटेल. सरांना आधी पेन्सिलचं पचू द्या.