टायमर नव्हे, पडदा तपासा

पडद्यावर ठिपका दिसला की कळ दाबायची आणि त्याला किती वेळ लागला ते संगणकाने मोजायचं, अशा प्रयोगात रिअल-टाइम कर्नल (कामं ठरल्या वेळेत उरकणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) टाकला की प्रतिक्रियेचा वेळ मायक्रोसेकंदापर्यंत अचूक मिळेल, असं काही जण म्हणतात. टायमरपुरतं ठीक, पण घोडं पेंड खातं ते पडद्यापाशी. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, आणि तेही वरून खाली, ओळीओळीने. आम्ही काळ्या चिकटपट्टीने वरच्या कोपऱ्यात फोटोट्रान्झिस्टर (उजेड पडला की सिग्नल देणारा छोटा भाग) लावून ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिलं, मग तोच खालच्या कोपऱ्यात सरकवला. प्रोग्राम तोच, तरी सिग्नल जवळपास अख्खी फ्रेम उशिरा! तेव्हा ठिपका नेहमी एकाच जागी दाखवा. टीव्ही जोडला असेल तर गेम मोड लावा, नाहीतर चित्र 'सुधारण्यात' तो आणखी वेळ खातो.

साध्या यूएसबी कीबोर्डला संगणक बऱ्याचदा ८ मिलिसेकंदांनी एकदा 'कळ दाबली का?' असं विचारतो, वर डीबाउन्सचा (कळेची थरथर गाळण्याचा) उशीर वेगळा. यातला कमी-जास्त होणारा भाग पुष्कळ चाचण्यांच्या सरासरीत बराचसा विरतो; माणसाचा स्वतःचा चढउतारच त्याहून मोठा असतो. कायमचा उशीर मात्र सरासरीने जात नाही. म्हणून एकाच संगणकावर दोन परिस्थितींतला फरक मोजायला हरकत नाही, पण घरच्या लॅपटॉपवरचे २४० आणि लॅबमधले २१० मिलिसेकंद शेजारी मांडून वाद घालू नका. खरा आकडाच हवा असेल तर एलईडी आणि बटण थेट आर्डुइनोला (छोट्या प्रोग्रामेबल सर्किट बोर्डाला) जोडा. त्याच्या ऊनो या मॉडेलवर मायक्रोसेकंद मोजणाऱ्या micros() ऐवजी साधं मिलिसेकंदांचं घड्याळ वापरलं तरी पुरतं.