ओरिजिनल जर्सी परवडत नाही, सोलापुरात 22 जणांसाठी पर्याय सुचवा

मैदानकाठ
सोसायटीतले लहान-मोठे मिळून 22 जण भारताच्या मॅच एकत्र बघतात. सगळ्यांना सारख्या जर्सी हव्यात. आदिदासनं 2023 मध्ये जर्सी आणली तेव्हा खेळाडूंची 4,999, रेप्लिका 2,999 आणि साधा फॅन टी-शर्ट 999 असे भाव होते. रेप्लिका घ्यायची म्हटलं तर 66 हजारांच्या घरात जातं. वर्गणी माणशी पाचशेच्या वर निघणार नाही. टॉवेलही द्यायचे आहेत, त्याचे पैसे वेगळे. बाजारात ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे हुबेहूब नक्कल, मिळते, ती घ्यावी का?

डॉटनिट
फर्स्ट कॉपी नको. कापड तेच साधं डॉट निट, म्हणजे बारीक ठिपक्यांचं पॉलिएस्टर, असतं, जादा पैसे जातात ते फक्त चोरलेल्या लोगोचे. आणि कुणा प्रिंटरला ‘बीसीसीआयचा लोगो टाकून द्या की ओ’ म्हणू नका. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात बनावट माल बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. शहाणा प्रिंटर नाहीच म्हणेल.

22 नग म्हणजे स्वतःचं डिझाइन करून घेण्याइतकी ऑर्डर झाली. निळा रंग, खांद्याला केशरी, छातीवर सोसायटीचं नाव, पाठीवर नाव-नंबर. आदिदाससारखे तीन पट्टे नकोत, तेही ट्रेडमार्क आहेत. युनिफॉर्म शिवणारं गाव आहे आपलं, कारागीर शोधायला पुण्याला जायची गरज नाही.

कापड 100 टक्के पॉलिएस्टर, 150 ते 170 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) सांगा. 140 च्या खाली आतलं दिसतं आणि धागे ओढले जातात. ‘सब्लिमेशन, आधी प्रिंट मग शिलाई’ असं स्पष्ट बोला. त्यात कागदावरची शाई साधारण 200 अंशाला 40-50 सेकंद दाबून कापडात उतरवतात, म्हणून ती सोलत नाही. शिवलेल्या टी-शर्टवर तेच केलं की काखेत आणि शिवणीपाशी पांढऱ्या रेघा राहतात.

कानामात्रा
मराठी नावं टाकणार असाल तर हे नीट वाचा. युनिकोडमध्ये टाईप केलेली यादी व्हॉट्सॲपवरून पाठवली आणि तिकडे डिझायनरकडे जुना श्रीलिपी किंवा कृतीदेव फॉन्ट असला, की सगळा चिवडा होतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते, ‘श्र’ आणि ‘ज्ञ’ फुटतात. यादी पीडीएफ करून द्या, डिझायनरला अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टशिवाय चालणाऱ्या आकृत्यांत, बदलायला सांगा आणि छपाईआधी 22 नावांचं प्रूफ (तपासायचा नमुना) एकाच पानावर मागवा. प्रत्येकानं आपापलं नाव तपासून ‘ओके’ लिहिलं पाहिजे. नंतरची चूक म्हणजे पाठीचा अख्खा भाग पुन्हा.

रंग मोबाइलवर बघून ठरवू नका. त्याच कापडावर तळहाताएवढा तुकडा छापून घ्या. स्क्रीनवरचा निळा कापडावर हमखास जांभळट येतो.

मापासाठी एस-एम-एल विचारू नका, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. छातीचा घेर अधिक चार इंच धरा.

टेरीवाला
टॉवेलवर सब्लिमेशन सांगितलंत तर पैसे पाण्यात. सुती धाग्याला ती शाई धरत नाही, दोन धुण्यांत फिकी पडते. भरतकाम करून घ्या, तेही सपाट बॉर्डरवर. टॉवेलच्या लूपवर, म्हणजे धाग्यांच्या उभ्या फासांवर, करायचंच असेल तर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म लावायला सांगा, नाहीतर टाके लुपांत बुडतात आणि अक्षर वाचता येत नाही. टॉवेल आधी एकदा धुवा. न धुता भरतकाम केलं की सूत आटतं आणि अक्षरांभोवती चुण्या पडतात. नाव विणूनच हवं असेल तर जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, होतं, पण 22 नगांसाठी कुणी माग लावणार नाही.

450 जीएसएम सांगून हलका माल गळ्यात मारतात. 30 बाय 60 इंचाचा असेल तर काट्यावर टाका, 520 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. 400 ग्रॅम भरला तर तो 350 जीएसएमच्या जवळचा आहे.

पार्कस्टँड
तरीही ज्याला ओरिजिनलच हवी त्यानं जुना स्पॉन्सर असलेली बघावी. ऑगस्ट 2025 मध्ये ड्रीम11 गेलं, पुढच्याच महिन्यात अपोलो टायर्स आलं. असा बदल झाला की जुना माल उतरत्या भावात काढावा लागतो. स्पर्धा सुरू व्हायच्या आठवड्यात मात्र घेऊ नका, तेव्हा सूट मिळत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग असेल तर 18 टक्के. महाग जर्सी महाग राहण्याचं तेही एक कारण. बाकी लोगो वापरायच्या लायसन्सची रक्कम आणि न खपलेल्या साइजचा तोटा तुमच्याच माथी.

खेळाडूंची एडिशन अंगाला चिकटून बसते. पोट असेल त्यानं रेप्लिकाच घ्यावी, दोन हजारही वाचतात.

मैदानकाठ
सब्लिमेशन आणि भरतकाम पक्कं. आणखी दोन-तीन जण उशिरा आले तर?

डॉटनिट
सुरुवातीलाच बिननावाच्या दोन एल आणि एक एक्सएल जादा शिवून ठेवा. नाव नंतर डीटीएफनं, म्हणजे फिल्मवर छापून गरम दाबानं चिकटवून, लावता येतं. फक्त गडद पॉलिएस्टरवर जास्त तापवलं की कापडाचा रंग पांढऱ्या अक्षरात चढतो. अक्षरं सुरुवातीला शुभ्र दिसतात आणि काही दिवसांत निळसर होतात. 130-140 अंशाला चालणारी फिल्म आणि डाग न चढणारी पावडर आहे का, ते विचारूनच काम द्या. धुताना उलटी करून गार पाण्यात, कम्फर्टसारखं कपडे मऊ करणारं द्रव घालू नका, त्यानं घाम शोषणं कमी होतं. इस्त्री अक्षरांवर अजिबात नको.