शर्मनने रूळ वाकवण्याआधीच दक्षिणेची रेल्वे का बसली होती?

उत्तररात्र
अमेरिकेच्या यादवी युद्धावर वाचताना एक गोष्ट नीट लागत नाही. १८६४ च्या शेवटी उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या फौजेने जॉर्जियात रूळ तापवून झाडांना गुंडाळले आणि दक्षिणेची रेल्वे संपली, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. पण दक्षिणेची राजधानी रिचमंडमध्ये पावासाठी बायका रस्त्यावर उतरल्या त्या २ एप्रिल १८६३ ला. तेव्हा शर्मन जॉर्जियाच्या जवळपासही नव्हता, आणि जॉर्जियात धान्य होतं. फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांकडे (म्हणजे कॉन्फेडरसीकडे) मिळून सुमारे ९,००० मैल लोहमार्ग होता. मग माल का पोचत नव्हता?

जोडून दोन उपप्रश्न. वाकवलेला रूळ पुन्हा तापवून सरळ करता येत नाही का? आणि या सगळ्याचा गुलामगिरीशी थेट संबंध जोडता येतो, की ती फक्त युद्धाच्या कारणांपुरती चर्चा आहे?

सांधेवाला
आधी रुळाचं सांगतो, कारण तिथे ‘वाकवणं’ आणि ‘पिळणं’ यात लोक गल्लत करतात.

त्या काळचा रूळ पोलादी नसे, घडीव लोखंडाचा असे. यार्डाला ५० पौंड वजनाचा, २४ फूट लांबीचा रूळ धरा. एक रूळ ४०० पौंड. मैलभर एकेरी मार्गाला असे ४४० रूळ, म्हणजे ८८ टन लोखंड (२,००० पौंडांचा टन धरून). रुळांखाली दोन-दोन फुटांवर आडवे लाकडी स्लीपर, मैलाला अडीच हजारांच्या वर.

उखडायची पद्धत अशी: एका ठिकाणी खिळे काढून सांधा मोकळा करायचा, मग अख्खी पलटण रुळाच्या एका बाजूला रांगेत उभी राहायची आणि इशारा होताच मार्ग स्लीपरसकट उचलून उलटा करायचा. आपटल्यावर बरेच स्लीपर आपोआप सुटतात. ते चौकोनी रचून होळी पेटवायची आणि वर रूळ आडवे टाकायचे, मधला भाग ज्वाळेवर आणि टोकं बाहेर. मध्यभाग लाल झाला की टोकं धरून झाडाच्या बुंध्याभोवती वळवायचे.

आता चूक कुठे होते? मध्यभाग तापून नुसता वाकला, तर तो रूळ पुन्हा तापवून, ठोकून कामचलाऊ सरळ करता येतो. घाईत असलेल्या घोडदळाने केलेली मोडतोड बहुतेक अशीच असे, आणि काही दिवसांत गाड्या पुन्हा धावत. म्हणून शर्मनने जुलै १८६४ च्या हुकुमात स्पष्ट सांगितलं होतं की मध्यभाग लाल झाल्यावर दोन्ही टोकांना माणूस लावून रुळाला पीळ द्यायचा, मळसूत्रासारखा. उत्तरेच्या लष्करी रेल्वेचं बांधकाम पाहणाऱ्या हर्मन हाउप्टच्या हाताखालच्या अभियंत्यांनी तर यासाठी रुळाच्या टोकाला अडकवायचा यू आकाराचा लोखंडी आकडाच बनवला होता. पीळ पडलेल्या रुळाचा माथा कुठेच सपाट राहत नाही. तो हातोड्याने सुधारत नाही, कारखान्यात नेऊन पुन्हा लाटावा लागतो. आणि दक्षिणेकडे नेमके लाटणारे कारखाने जवळजवळ नव्हतेच.

अर्धवट उखडलेल्या मार्गाचा काय उपयोग होतो, त्याचं उदाहरण १२ एप्रिल १८६२ चं आहे. उत्तरेच्या बाजूच्या अँड्रूजच्या टोळीने जॉर्जियात बिग शँटीला ‘जनरल’ हे इंजिन पळवलं. वाटेतले पूल जाळायचे आणि रूळ काढायचे असा बेत होता. पण खिळे उपटायचं योग्य हत्यारच जवळ नव्हतं, साध्या पहारीवर भागवावं लागलं. वर पाऊस, त्यामुळे पुलांची लाकडं पेटेनात. मागे लागलेलं ‘टेक्सास’ इंजिन उलटं धावत एका सैल केलेल्या रुळावरूनही पार झालं. सुमारे ८७ मैलांनंतर जळण संपलं आणि सगळे पकडले गेले. हत्यार आणि कोरडं लाकूड नसेल तर नुसत्या धाडसाने रेल्वे तुटत नाही.

जुनानकाशा
सांधेवाला यांनी शेवटी जे म्हटलंय, तिथेच मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे: लाटणारे कारखाने.

१८६० मध्ये अख्ख्या देशात सुमारे ४७० इंजिनं बनली, त्यातली दक्षिणेत फक्त १९. रूळ बहुतेक उत्तरेतून किंवा इंग्लंडमधून यायचे. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. त्यानंतर नवा रूळ जवळजवळ मिळालाच नाही. रिचमंडचं ट्रेडेगर आणि अटलांटाची रोलिंग मिल हे दोन कारखाने लोखंड लाटू शकत होते, पण त्यांना तोफा आणि चिलखती जहाजांच्या पत्र्यांच्या कामाला जुंपलं गेलं. नॉरफोकजवळ तयार झालेल्या ‘व्हर्जिनिया’ या जहाजावर दोन-दोन इंचांच्या पत्र्यांचे दोन थर होते. तिथे गेलेल्या लोखंडाचे किती रूळ झाले असते, ते वरच्या ८८ टनांच्या हिशोबाने कुणीही काढू शकतं.

मग उरला एकच उपाय: कमी महत्त्वाच्या फाट्यांचे रूळ काढून मुख्य मार्गावर टाकायचे. १८६३ पासून यासाठी सरकारी आयोगच होता. म्हणजे ९,००० मैलांचं जाळं शत्रूने हात लावण्याआधी स्वतःलाच खात होतं. झिजलेल्या रुळांवर वेग कमी करत करत ताशी दहा मैलांच्याही खाली आला. वेग निम्म्यावर आला की तेच डबे निम्म्याच फेऱ्या करतात. गोदामात धान्य पडून राहतं ते असं.

फ्लोरिडातला किस्सा वकिलांनी वाचावा असा आहे. फ्लोरिडा रेलरोडचे अध्यक्ष डेव्हिड यूली. फुटून निघण्याआधी हे अमेरिकेच्या सिनेटमध्ये होते आणि फुटीचे समर्थक होते. त्यांच्या मार्गाचे रूळ जॉर्जियाशी जोडणारी नवी लाइन टाकण्यासाठी हवेत, असं कॉन्फेडरेट लष्कर म्हणालं. यूली कोर्टात गेले आणि १८६४ मध्ये मनाई हुकूम घेऊन आले. लष्कराने शेवटी हुकूम बाजूला सारून रूळ काढले, पण तोवर किती काळ वाया गेला होता पाहा.

तळटीप
गेजचा मुद्दा राहिला. दक्षिणेच्या मोठ्या भागात रुळांमधलं अंतर ५ फूट, तर नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियाच्या काही मार्गांवर ४ फूट साडेआठ इंच. फरक साडेतीन इंचांचा, पण डबा पुढे जात नाही. माल उतरवा, पलीकडच्या गाडीत भरा. विल्मिंग्टनला तर मधे केप फिअर नदी, तिच्यावर पूल नाही, म्हणजे उतरवा, नावेत चढवा, पुन्हा उतरवा, पुन्हा भरा.

सप्टेंबर १८६३ मध्ये दक्षिणेचा सेनानी लाँगस्ट्रीट याचे सुमारे १२,००० सैनिक व्हर्जिनियातून जॉर्जियातल्या चिकामॉगाला लढाईसाठी न्यायचे होते. सरळ वाट नॉक्सव्हिलवरून साडेपाचशे मैलांच्या आसपास. पण महिन्याच्या सुरुवातीलाच नॉक्सव्हिल हातचं गेलं, म्हणून दोन्ही कॅरोलायना आणि जॉर्जियाला वळसा घालावा लागला: साडेसातशे मैलांहून जास्त, डझनाहून अधिक कंपन्यांच्या मार्गांवरून. ९ तारखेला निघालेल्या फौजेतल्या जेमतेम पाच ब्रिगेड लढाईला (१९-२० सप्टेंबर) वेळेत हजर झाल्या. तोफखाना लढाई संपल्यावर पोचला.

उत्तररात्र
तिघांचेही आभार. पण एक शंका. गेजचा घोळ उत्तरेतही होता ना? मग तो दक्षिणेच्या पराभवाचं कारण म्हणून सांगणं बरोबर आहे का?

तळटीप
रास्त शंका, आणि माझी मांडणी तिथे अपुरी पडली. चिकामॉगानंतर लगेच उत्तरेने सेनानी हुकरच्या हाताखाली दोन कोअर (मोठ्या सैन्यतुकड्या), वीस हजारांहून जास्त माणसं, सुमारे १,२०० मैलांवर अलाबामातल्या ब्रिजपोर्टला पाठवली. त्यांनाही ओहायो नदीवर तरंगता पूल टाकावा लागला, लुईव्हिलला नाव लागली, आणि लुईव्हिलच्या पुढचा मार्ग ५ फुटीच होता. तरी पायदळ दोन आठवड्यांच्या आत पोचलं. अडथळे दोघांनाही होते. फरक अधिकाराचा होता.

३१ जानेवारी १८६२ च्या कायद्याने लिंकनला कुठलीही रेल्वे ताब्यात घ्यायचा अधिकार मिळाला. तो फार ठिकाणी वापरावाच लागला नाही, कंपन्या आपणहून वळल्या. कॉन्फेडरसीने मे १८६३ मध्ये केलेला कायदा अगदी मिळमिळीत. खरा दात असलेला कायदा झाला २८ फेब्रुवारी १८६५ ला. दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली ९ एप्रिलला. मधे चाळीस दिवस.

जुनानकाशा
आणि उशीर का, याचं उत्तर त्यांच्या राज्यघटनेत आहे. उत्तररात्र, तुमचा दुसरा उपप्रश्न इथे येतो.

कॉन्फेडरेट घटनेच्या पहिल्या अनुच्छेदातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. आठव्या कलमात म्हटलंय की व्यापाराच्या सोयीसाठी होणाऱ्या अंतर्गत बांधकामांवर काँग्रेसने पैसा खर्च करायचा नाही. दीपगृहं, बंदरं, नद्यांचे मार्ग एवढेच अपवाद. नवव्या कलमात म्हटलंय की गुलामांवरच्या मालकीहक्काला बाधा आणणारा कोणताही कायदा करायचा नाही. एका कलमाने रेल्वेचे पैसे अडले, दुसऱ्याने माणसं.

पैशांचं उदाहरण: डॅनव्हिल ते ग्रीन्सबरो हा पन्नासेक मैलांचा तुटलेला दुवा. तो जोडला तर रिचमंडला दक्षिणेकडून दुसरी, आतल्या बाजूची वाट मिळणार होती. कॉन्फेडरसीचा अध्यक्ष डेव्हिस याने लष्करी गरज म्हणून मागणी केली आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये दहा लाख डॉलरचे रोखे मंजूर झाले, तेही काही सदस्यांचा घटनात्मक आक्षेप डावलून. मग नॉर्थ कॅरोलायनाने परवानगी देताना वेळ घेतला. मार्ग सुरू झाला मे १८६४ मध्ये. दोन टोकांच्या मार्गांचं गेज वेगळं असल्यामुळे एका टोकाला माल उतरवणं तरीही चुकलं नाहीच. आणि पन्नास मैलांना सव्वादोन वर्षं लागायचं मोठं कारण मजूर.

सांधेवाला
मजुरांबद्दल मी लिहितो, कारण माझ्या मते सगळ्या चर्चेचा कणा तोच आहे आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो.

दक्षिणेचे लोहमार्ग जवळजवळ सगळेच गुलाम माणसांनी बांधले. भराव, खोदकाम, लाकूडतोड, इंजिनात जळण टाकणं, देखभाल, सगळं. काही कंपन्यांनी माणसं विकत घेतलेली असत, पण बरीच वर्षाच्या कराराने भाड्याने घेतली जात: १ जानेवारी ते नाताळ. भाडं मालकाच्या खिशात, खाणं-कपडे कंपनीकडे, आणि ज्याच्या हातात फावडं आहे त्याला विचारायचा प्रश्नच नाही.

आता देखभालीचं गणित बघा. कच्च्या लाकडाचा, काहीही न चोपडलेला स्लीपर त्या दमट हवेत सहा वर्षं टिकतो असं धरू. मैलाला २,६४० म्हणजे दर वर्षी मैलाला ४४० बदलायचे. शंभर मैलांच्या कंपनीला वर्षाला ४४,००० स्लीपर तोडून, तासून, बसवून हवेत. एक वर्ष चुकलं तर लगेच काही दिसत नाही. दोन वर्षं चुकली की खिळे धरेनासे होतात, रूळ फाकतात आणि गाडी घसरते. लोखंड नाही म्हणून रूळ बदलता येत नव्हते हे समजतं, पण लाकूड तर दोन्ही बाजूंना उभं होतं. तोडणारी माणसं नव्हती.

ती का नव्हती? मालकांनी आपली ‘मालमत्ता’ युद्धभूमीजवळच्या मार्गांवर द्यायला नकार दिला, कारण तिथून उत्तरेच्या फौजेकडे पळून जाणं सोपं होतं. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर तर पळून पोचलेला माणूस कायद्यानेच स्वतंत्र होता. बऱ्याच मालकांनी माणसांना आत खोलवर, अगदी टेक्सासपर्यंत हलवलं. उरलेल्यांवर लष्कराचा डोळा तटबंदीसाठी. १७ फेब्रुवारी १८६४ ला २०,००० गुलाम सक्तीने कामाला घ्यायची मुभा देणारा कायदा झाला, तेव्हा मालक आणि राज्यं दोघांनी विरोध केला. स्वतःची मुलं आघाडीवर पाठवणारे लोक गुलाम पाठवायला अडून बसले. ज्या मालकीहक्कासाठी राज्यं फुटली, तोच हक्क त्यांच्या सरकारला फावडं मिळू देत नव्हता.

आणि ही माणसं गेली कुठे, तेही बघायला हवं. हाउप्टच्या बांधकाम दलात गुलामीतून सुटून आलेले कृष्णवर्णीय मजूर मोठ्या संख्येने होते. १८६३ च्या छायाचित्रांत रूळ उचलणारी, पिळणारी तीच माणसं दिसतात. मे १८६२ मध्ये पोटोमॅक क्रीकवरचा चारशे फूट लांब पूल नऊ दिवसांत उभा राहिला, तो मात्र बहुतांशी नवख्या सैनिकांकडून. पुढे दल मुरलं आणि वेग वाढत गेला. ऑगस्ट १८६४ मध्ये चॅटाहूची नदीवरचा ७८० फूट लांब, ९२ फूट उंच पूल साडेचार दिवसांत. ऑक्टोबरमध्ये दक्षिणेचा सेनानी हूड याने शर्मनच्या मागे येऊन मार्ग उखडला, तो साडेपस्तीस मैल रूळ आणि ४५५ फूट पूल धरून १३ दिवसांत पूर्ववत. हे शक्य झालं कारण रूळ, तासलेली लाकडं आणि माणसं तिन्ही आधीपासून डेपोत तयार होती.

तळटीप
सांधेवाला यांच्या प्रतिसादाला तराजूची दुसरी बाजू जोडतो. शर्मनची फौज लुईव्हिल ते अटलांटा अशा ४७३ मैलांच्या एकेरी मार्गावर जगत होती: एक लाख माणसं, ३५,००० जनावरं, १९६ दिवस. त्याने स्वतः हिशोब केला होता की हेच काम घोडागाड्यांनी करायचं तर सहा-सहा खेचरांच्या ३६,८०० गाड्या लागल्या असत्या, आणि त्या रस्त्यांवर ते अशक्यच होतं. म्हणजे ती मोहीम एका रुळावर लटकलेली होती. दक्षिणेला तो तोडता येत होता, पण तुटलेला ठेवता येत नव्हता. उत्तरेने जॉर्जियात तोडलेला जोडायला मात्र पलीकडे लोखंडही नव्हतं आणि मजूरही नव्हते.

उत्तररात्र
आता चित्र लागलं. १८६५ मध्ये त्या डॅनव्हिल मार्गाचं काय झालं?

जुनानकाशा
२ एप्रिलच्या रात्री अकराच्या सुमाराला डेव्हिस आणि मंत्रिमंडळ रिचमंडहून निघालं ते याच मार्गाने. अंतर १४० मैल. गाडी डॅनव्हिलला पोचली दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर. सरासरी वेग काढा: ताशी आठ-नऊ मैल.